मागील पानावरून पुढे

बेसबॉलवर लिहिण्याचा तुम्हांला अधिकार काय, असं कुणी विचारण्याआधीच सांगून टाकतो की, काहीही नाही. मी बी. कॉम. आहे, तेही सेकंड क्लासमध्ये, आणि गेली बावीस वर्षं एका बँकेच्या काउंटरमागे बसून आहे. अधिकार नसेल तिथे सही करायची नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम. पण तो व्हाउचरला लागू आहे, लेखाला नाही. लेखाला असता तर मराठीत फारसं काही छापून आलंच नसतं.

बेसबॉल माझ्या घरात भाच्यामार्फत शिरला. भाचा २०१७ साली फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीत संख्याशास्त्र शिकायला गेला. गावाचं नाव टॅलाहासी. (माझी बहीण अजून 'तळेहासी' म्हणते, आणि ऐकणाऱ्याला वाटतं मुलगा तळेगावला आहे. त्यामुळे बरीच वर्षं 'शनिवार-रविवारी येत असेल ना घरी?' असं लोक विचारायचे.) पुढे त्यानं पदवी घेतली, अटलांटाला नोकरी धरली, गाव सुटलं; पण कॉलेजचा बेसबॉल संघ त्याच्या मानगुटीवर बसला तो बसलाच. आणि शाळेतल्या मुलाचा सर्दी-पडसा जसा घरभर फिरतो, तसा तो फोनवरून माझ्यापर्यंत आला. तिथे संध्याकाळी सहाला सामना सुरू होतो तेव्हा इथे पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. काकडआरतीची वेळ. मला त्या खेळातलं इतकंच कळतं की, जो चेंडू क्रिकेटमध्ये कुणी उचलून मारला की आपण 'काय गरज होती?' म्हणतो, तोच इथे मारला की सगळं मैदान उभं राहतं.

त्या मैदानावर 'सेक्शन बी' मध्ये प्रेक्षकांचा एक कळप बसतो. कळप हा शब्द मी उगीच वापरत नाही. ती मंडळी स्वतःलाच 'अ‍ॅनिमल्स' म्हणवून घेतात. पाचव्या डावात हे सगळे मिळून कॅनडाचं राष्ट्रगीत म्हणतात. मैदान फ्लोरिडात, संघ फ्लोरिडाचा, प्रतिस्पर्धी बहुधा शेजारपाजारच्या राज्यातला. या सगळ्या व्यवहारात कॅनडाचं खातं कुठेच नाही. मी भाच्याला कारण विचारलं. तो म्हणाला, "मामा, त्यानं रन होतात." आमच्या शाखेतला प्रिंटर अडकला की हेडकॅशियर त्याच्या डाव्या अंगाला दोन थपडा मारतात आणि तो सुरू होतो, त्यामुळे मला हे लगेच पटलं.

आता थोडा हिशेब. तो आल्याशिवाय माझं पुढे सरकत नाही.

पहिल्या दर्जाचं बेसबॉल खेळणारी कॉलेजं अमेरिकेत सुमारे तीनशे आहेत. फेब्रुवारीच्या मध्याला हंगाम सुरू होतो, मे अखेरपर्यंत प्रत्येकाचे पन्नासेक सामने होतात. मग त्यांतून ६४ संघ निवडतात. चार-चारांचे सोळा गट. त्यांतून सोळा विजेते. त्यांच्या आठ जोड्या. आणि त्यांतून उरलेले आठ नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा नावाच्या गावी जातात. १९५० पासून हे ठिकाण बदललेलं नाही. जूनच्या शेवटी तिथे एक संघ उरतो. म्हणजे निवडलेल्या ६४ पैकी ६३ संघांचा हंगाम पराभवानंच संपतो, कारण हरल्याशिवाय इथून कुणाला घरी जाऊ देत नाहीत. चांगलं खेळल्याचं बक्षीस काय, तर हरायला आणखी लांबच्या गावी जायची संधी. उलट जे ६४ मध्ये आलेच नाहीत, त्यांच्यातल्या कित्येकांनी शेवटचा सामना जिंकलेला असतो, पण त्यांना त्याचं काही सुख नसतं. खेळांची व्यवस्था लावणाऱ्या माणसांनी दुःखाचं इतकं काटेकोर वाटप केलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही; आमचा बोनससुद्धा याहून ढिसाळपणे वाटला जातो.

तर ओमाहा हे या लोकांचं पंढरपूर. आणि फ्लोरिडा स्टेट हा त्यांतला मोठा दुर्दैवी वारकरी. २०२५ अखेरचा हिशेब सांगतो: वाऱ्या चोवीस, पांडुरंग शून्य वेळा. नुसतं कळसाचं दर्शन. इतक्या वेळा ओमाहाला जाऊन एकदाही न जिंकलेलं दुसरं कॉलेज नाही. तीनदा तर अंतिम सामन्यापर्यंत गेले. १९७० साली सदर्न कॅलिफोर्नियाकडून पंधरा डाव खेळून २-१ असे हरले. १९८६ साली ॲरिझोनाकडून १०-२. १९९९ साली मायामीकडून ६-५. म्हणजे हजार मैलांहून जास्त लांब जायचं आणि तिथे आपल्याच राज्यातल्या शेजाऱ्याकडून एका रननं हरायचं.

मला या संघाविषयी माया का वाटली, हे पुण्याच्या क्रिकेट-रसिकाला वेगळं सांगायला नको. आमचा महाराष्ट्राचा संघ प्रा. देवधरांच्या नेतृत्वाखाली १९३९-४० आणि १९४०-४१ अशी दोन वर्षं ओळीनं रणजी करंडक जिंकला. त्यानंतर २०२४-२५ च्या हंगामापर्यंत पुन्हा नाही. मधल्या काळात अंतिम सामना हरलो तोही बरोबर तीनदा: १९७०-७१ मध्ये मुंबईकडून, १९९२-९३ मध्ये पंजाबकडून, २०१३-१४ मध्ये कर्नाटकाकडून. आणि शेजारी कोण, तर २०२३-२४ पर्यंत बेचाळीस वेळा जिंकलेली मुंबई! माझे वडील 'पुढच्या वर्षी' म्हणत गेले. आजोबांनी मात्र दोन्ही वर्षं पाहिली होती, त्यामुळे ते नुसतेच हसत. तेव्हा 'पुढच्या वर्षी' हे दोन शब्द मला वारसाहक्कानं मिळालेले आहेत, आणि त्यांच्याविषयी बोलायला मात्र मी अधिकारी माणूस आहे.

२०२५ च्या जूनमध्ये फ्लोरिडा स्टेटचा संघ ओमाहाच्या उंबरठ्यावर होता. ओरेगन राज्यात कॉर्व्हालिस म्हणून गाव आहे, तिथे ओरेगन स्टेटशी तीन सामने. दोन जिंकणारा ओमाहाला जाणार. पहिल्या सामन्यात आमचे लोक नवव्या डावात पुढे होते, आणि दहाव्यात ५-४ असे हरले. दुसरा जिंकले. तिसऱ्यात दहा रन केले, आणि समोरच्यांनी चौदा केले. खलास.

भाच्याचा फोन आला. आवाज असा की, मी आधी बहिणीची प्रकृती विचारली. मग दोघंही काही वेळ काहीच न बोलता धरून राहिलो. परदेशातला फोन आता फुकट झाल्यामुळे माणसांना असं गप्प बसणं परवडतं. फोन ठेवला. आणि एक तास दहा मिनिटांनी (मी घड्याळ पाहिलं, सवयीनं) पुन्हा फोन.

"मामा, पुढच्या वर्षाचं बघ."

आणि पाठोपाठ एक एक्सेलचा तक्ता आला. तीन रकाने: जाणारे, राहणारे, येणारे. अमेरिकेत जुलै महिन्यात व्यावसायिक संघ होतकरू खेळाडूंची निवड करतात. वीस फेऱ्या असतात. कॉलेजात तीन वर्षं झालेला किंवा एकवीस वर्षांचा झालेला मुलगा त्यात उचलला जाऊ शकतो. तेव्हा कोण उचलला जाणार, उचलला गेला तरी कोण परत येणार, कुणाची कॉलेजातली वर्षंच संपली, शाळांतून नवी पोरं कोण येतायत, दुसऱ्या कॉलेजांतून कोण फुटणार, असा सगळा ताळेबंद. माझी बॅलन्सशीट मार्च अखेरीला बसता बसत नाही. याची तासाभरात तयार. (त्याचा डावखुरा पिचर जेमी अर्नोल्ड पुढे जुलैमध्ये अकराव्या क्रमांकावर अ‍ॅथलेटिक्सनं उचलला. तो 'जाणारे' मध्ये आधीच पक्क्या शाईनं लिहिलेला होता.)

फोन स्पीकरवर होता. सौ. चहा घेऊन आली होती. तिला बेसबॉलचं काही नाही, पण पडद्यावर रडणारी माणसं दिसली की ती थांबते. मालिकांनी लावलेली सवय आहे. हरलेल्या संघाच्या बाकांवर एक पोरगा टोपी तोंडावर दाबून बसला होता, त्याला तिनं पाहिलं होतं.

"अहो, तो एवढा का रडतोय? हरले तर सगळेच."

"त्याचं शेवटचं वर्ष असेल," मी म्हटलं. "आता त्याला कॉलेजकडून खेळता येणार नाही."

तिनं कप खाली ठेवला आणि फोनकडे बघून विचारलं, "मग हे पुढचं वर्ष कुणाचं रे? त्या पोराचं तर नाही."

भाचा गडबडला. म्हणाला, "नाही म्हणजे मामी, टीमचं."

"टीम म्हणजे तोच ना? की टीम म्हणजे तू?" आणि वर म्हणाली, "मयताच्या घरी तेराव्याच्या आत वाटणीची भाषा काढावी, तसं चाललंय तुमचं."

माणसानं बी. कॉम. नंतर तत्त्वज्ञान शिकावं ते लग्न करून. प्रश्न तिनं चहा गाळता गाळता विचारला, आणि मी त्यावर महिनाभर बसलो. 'पुढच्या वर्षी' म्हणण्याचा हक्क नेमका कुणाला आहे? हरणारा एक, आणि आशा धरणारा दुसराच, असा हा व्यवहार सरळ आहे का?

सुरुवातीला मी भाच्याच्या बाजूचा होतो. त्याचं म्हणणं असं की, मध्ये आठ महिने आहेत, ते काढायचे कशावर? आणि मला ते बरोबर वाटलं. फळाची आशा सोडून कर्म कर, असं गीतेत सांगितलं आहे, पण ते ज्याच्या हातात धनुष्य आहे त्याला. प्रेक्षकाच्या हातात धनुष्य नाही, बॅट नाही. फार तर शेंगदाण्यांची पुडी आहे. त्याला कर्मच नाही. त्याच्याजवळ जी आहे ती निव्वळ फळाची आशा. तीही सोड म्हटलं तर मागे काय राहील? पुडी. भगवंतांनी रथाभोवती प्रेक्षक बसवले असते, तर त्यांच्यासाठी एखादा वेगळा अध्याय सांगावा लागला असता, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आमच्या कॉमर्सच्या हिशेबानंही चाहता हा वेगळाच प्राणी आहे. पहिल्याच वर्षाला आम्हांला एक तत्त्व शिकवलं होतं: होऊ घातलेला तोटा आजच धरा, होऊ घातलेला नफा हातात पडेपर्यंत धरू नका. जगातले सगळे चाहते हे तत्त्व उलटं पाळतात. पुढच्या जूनचा नफा या जूनमध्ये जमा, आणि या जूनचा तोटा 'अंपायर'च्या नावे टाकून मोकळे. असं खातं घेऊन कुणी कर्ज मागायला आला तर आमचे मॅनेजरसाहेब त्याला चहासुद्धा विचारणार नाहीत. पण मी असंही पाहिलंय की, अशीच माणसं कर्ज फेडतात. काटेकोर माणूस पहिल्या नुकसानीत दुकान बंद करतो. हा दसऱ्याला नवी पाटी लावतो.

तेव्हा आशेला माझी हरकत नव्हती. हरकत होती ती एक तास दहा मिनिटांना.

मी बँकेत लागलो तेव्हा आमच्या लहानशा शाखेत काही लेजर अजून हातानं लिहिली जात. पान संपलं की, तळाला बेरीज मांडून 'पुढे नेले' असं लिहायचं, आणि नव्या पानाच्या माथ्याला 'मागील पानावरून' लिहून तोच आकडा उतरवायचा. माझ्या शेजारी बसणारे एक जुने गृहस्थ होते. ते माझं कुठलंही पान उलटण्याआधी तळहात आडवा ठेवत आणि म्हणत, "बेरीज?" बस, एवढंच. पुढे नेण्याला त्यांचा विरोध नव्हता. सगळा धंदाच पुढे नेण्यावर चालतो. पण या पानावर काय झालं ते मांडल्याशिवाय पान उलटायचं नाही. भाच्यानं पान उलटलं होतं, आणि टोपीत तोंड घालून बसलेला पोरगा मागल्या पानावर तसाच राहिला होता.

हे मी भाच्याला फोनवर सांगितलं. तो संख्याशास्त्राचा माणूस. असा सहजासहजी ऐकत नाही. त्यानं थेट गणपतीच काढला. म्हणाला, "मामा, आपण विसर्जनाला काय म्हणतो? पाण्यात मूर्ती विरघळायच्या आत 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणतोच ना? तेव्हा कुणी म्हणतं का, आधी या मूर्तीचं सुतक पाळा? मूर्ती दर वर्षी वेगळी, गणपती तोच. तसंच पोरं वेगळी, टीम तीच."

युक्तिवाद बिनतोड होता, हे मान्य केलं पाहिजे. मी तो घरात सांगितला. सौ. भाजी निवडत होती. म्हणाली, "मूर्तीला उद्यापासून नोकरी शोधावी लागत नाही."

मला वाटतं, खेळाच्या प्रेमातली खरी अडचण इथे आहे. आपण प्रेम करतो ते सदऱ्यावर. सदऱ्याच्या आत मात्र एकेक वेगळा पोरगा असतो, आणि तो चार वर्षांत बदलतो. व्यावसायिक खेळात हा प्रश्न इतका बोचत नाही. तिथे खेळाडूचा तो धंदा आहे, या संघाकडून नाही तर त्या संघाकडून. कॉलेजात मात्र वीस वर्षांच्या पोराचा पहिला मोठा पराजय आपण आपला वार्षिक कार्यक्रम म्हणून बघत असतो. आपल्याला पुढचं वर्ष आहे, त्याच्या पुढचंही आहे. मी ऐंशी वर्षांचा होईन तरी फेब्रुवारीत कुणीतरी नवी एकवीस वर्षांची पोरं तो सदरा घालून उतरतील. चाहता म्हातारा होतो, संघ कधीच होत नाही. आमच्या काउंटरचंही तसंच आहे म्हणा.

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती भाच्यानंच दाखवली. सगळेच जाणारे रडत जात नाहीत. बस्टर पोझी नावाचा खेळाडू याच कॉलेजचा. २००८ साली त्यानं एका सामन्यात नऊच्या नऊ जागांवर खेळून दाखवलं. आमच्या शाखेत रजेच्या दिवसांत एकच जण कॅश, क्लिअरिंग आणि लॉकर सांभाळतो, तरी तो दुसऱ्या दिवशी आजारी पडतो. हा पठ्ठ्या त्याच सामन्यात भरल्या बेसांवर होम रनही मारून मोकळा झाला. त्या वर्षी संघ ओमाहाला गेला. जिंकला नाही. मग पोझी सॅन फ्रान्सिस्कोला गेला आणि तिथे २०१०, २०१२ आणि २०१४ अशी तीन विश्वविजेतेपदं घेऊन बसला. टॅलाहासीच्या लोकांना याचा आनंद झाला. खरोखर झाला. तो आनंद मुलीचा संसार चांगला चाललाय हे कळल्यावर बापाला होतो त्या जातीचा होता. त्यात आपल्या घरात ती पंखा नसलेल्या खोलीत राहिली होती, ही आठवण मिसळलेली असते.

अलीकडे तर पोरांनाही 'पुढच्या वर्षी' म्हणता येतं, पण दुसऱ्या सदऱ्यात. २०१८ पासून 'ट्रान्सफर पोर्टल' निघालं आहे. कॉलेज बदलायचं असेल तर खेळाडूनं त्यात नाव घालायचं. पूर्वी बदलीनंतर एक वर्ष बाकावर बसावं लागे. २०२१ मध्ये एका बदलीपुरती ती अट गेली, आणि २०२४ मध्ये अभ्यास नीट असेल तर हव्या तितक्या वेळा बदला, असं झालं. २०२१ पासून मुलांना आपल्या नावावर जाहिरातीचे पैसे घेता येऊ लागले, आणि २०२५ च्या जुलैपासून कॉलेजंही त्यांना थेट पैसे देऊ शकतात. जुने चाहते याला बेइमानी म्हणतात. माझा भाचाही म्हणतो. पण त्याच्या तक्त्यात 'जाणारे' खाली दुसऱ्या कॉलेजात गेलेल्या पोरापुढे 'गद्दार' असा शेरा आहे, आणि 'येणारे' खाली दुसरं कॉलेज सोडून आलेल्या पोरापुढे 'हुशार निर्णय' असा. मी दोन्ही शेऱ्यांवर पेन्सिलीनं गोल करून फोटो पाठवला. दोन दिवस उत्तर आलं नाही.

बदलीच्या बाबतीत बँकेचा माणूस फार हळवा असतो. गेल्या बावीस वर्षांत माझ्या चार बदल्या झाल्या, एकही मागून झालेली नाही. दर वेळी निरोपसमारंभात मला 'शाखेचा आधारस्तंभ' म्हटलं, नारळ दिला, आणि माझ्या डोळ्यांदेखत नव्या माणसाच्या खुर्चीचं गादीचं माप घेतलं. म्हणून पोर्टलमध्ये नाव घालणाऱ्या पोराचा मला राग येत नाही. त्यानं निदान अर्ज स्वतः केला.

आता मार्टिनसाहेबांचं सांगितलं पाहिजे. त्यांच्याशिवाय या विषयाला बुंधाच नाही.

माइक मार्टिन १९८० साली फ्लोरिडा स्टेटचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि २०१९ पर्यंत होते. चाळीस हंगाम. चाळीसच्या चाळीस हंगामांत संघानं चाळीस किंवा जास्त सामने जिंकले आणि चाळीसही वेळा तो राष्ट्रीय स्पर्धेत निवडला गेला. एकूण विजय २,०२९. सतरा वेळा ते संघ घेऊन ओमाहाला गेले, आणि सतरा वेळा रिकामे परत आले. चाळीस वेळा या माणसानं 'पुढच्या वर्षी' म्हटलं असेल. पण तो आणि माझा भाचा यांच्या म्हणण्यात एक फरक आहे. हरलेल्या पोरांबरोबर बसमधून परत यायला मार्टिनसाहेब होते. त्या रडणाऱ्या तोंडांची नावं, गावं, आईबाप त्यांना माहीत होते. पुढच्या वर्षाचं जे काही ते बोलले असतील, ते या पोरांच्या शेजारी बसून.

२०१९ हे आपलं शेवटचं वर्ष, असं त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. संघ काही फार भारी नव्हता, निवडला जाईल की नाही अशीच शंका होती; तरी जॉर्जियात गट जिंकला, लुइझियानात एलएसयूला त्यांच्या घरी हरवलं आणि सतराव्यांदा ओमाहा गाठलं. गोष्ट असती तर इथे पांडुरंग विटेवरून उतरला असता. तिथे पहिला सामना जिंकले, दुसरा हरले, आणि तिसऱ्यात टेक्सास टेककडून ४-१ असे हरून घरी आले. भाचा तेव्हा टॅलाहासीतच होता. त्या रात्री त्यानं पुढच्या वर्षाविषयी एक अक्षर काढलं नव्हतं. मी त्याला आता विचारलं, "तेव्हा का नाही रे तक्ता पाठवलास?" तो जरा वेळानं म्हणाला, "तेव्हा कसं बरं दिसलं असतं?"

मग इतर वेळी कसं दिसतं?

पुढचं लवकर सांगतो. साहेबांनंतर त्यांचा मुलगा तीन वर्षं प्रशिक्षक होता, त्याला काढलं. मग लिंक जॅरेट आले. ते १९९० च्या दशकात मार्टिनसाहेबांच्याच हाताखाली शॉर्टस्टॉप म्हणून खेळलेले. त्यांच्या पहिल्याच वर्षी, २०२३ मध्ये, २३ विजय आणि ३१ पराभव. १९७८ पासून न चुकलेली राष्ट्रीय स्पर्धा चुकली. २०२४ च्या फेब्रुवारीत मार्टिनसाहेब वारले. त्याच जूनमध्ये संघ ४९ सामने जिंकून चोविसाव्यांदा ओमाहात. पहिलाच सामना टेनेसीशी. नवव्या डावात आमचे ११-८ पुढे. टेनेसीनं त्या एका डावात चार रन काढले आणि १२-११ असा सामना नेला, आणि पुढे विजेतेपदही तेच घेऊन गेले. त्या दिवशीचा तक्ता मला किती वेळात आला हे मी सांगत नाही. भाच्याची लग्नाची बोलणी चालू आहेत.

२०२५ च्या दिवाळीत तो पुण्याला आला होता. लाडू खाता खाता त्यानं लॅपटॉप उघडून तक्ता दाखवला. रकाने आता चार झालेत. 'जाणारे' च्या शेजारी एक नवा: 'आता कुठे'. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मामीसाठी केलाय." ज्यांना व्यावसायिक संघांनी घेतलं, त्यांची घरं भरलेली होती, ती माहिती कुणालाही मिळते. बाकीच्यांची शोधावी लागते. कुणी कुठल्या शाळेत मुलांना शिकवायला लागतो, कुणी बापाच्या धंद्यात जातो, कुणाचं काहीच कळत नाही. अशी बरीच घरं रिकामी होती.

सौ. नं चष्मा लावून सगळी नावं वाचली. मग म्हणाली, "तो यातला कुठला?"

"कोण?"

"टोपीवाला."

त्याला ठाऊक नव्हतं. कसं असणार? शेवटचा खेळाडू बाद झाल्याबरोबर त्यानं पडदा बंद केला होता, आणि हरलेला सामना पुन्हा बघणारा चाहता माझ्या तरी माहितीत नाही. त्या रात्री आम्ही झोपलो, आणि तो पुढच्या खोलीत आवाज बंद करून तो १४-१० चा सामना पहिल्यापासून लावून बसला. मी पाणी प्यायला उठलो तेव्हा सातवा डाव चालू होता. त्यानं मान वर केली नाही.

सकाळी त्यानं मामीला नाव सांगितलं. मला सांगितलं नाही.